राज्यपालांचं अक्षर

केंटकीतल्या या गुहेत बडे पाहुणे आले की गुलाम वाटाड्या बुटक्या कपारीत उताणा झोपून मेणबत्तीच्या काजळीनं त्यांची नावं छतावर लिहायचा. व्हर्लीनचे खापरपणजोबा असेच वाटाडे होते. तीही इथंच पर्यटकांना गुहा दाखवायची. आता गुहा ऐतिहासिक स्मारक झाली आणि साफसफाई निघाली. "राज्यपालांचं नाव सांभाळ," मुकादम तिला म्हणाला, "शेजारचं ते 'जेरेमाया' पुसून टाक. कोण कुठला उपटसुंभ!" "माझे खापरपणजोबा. दोन्ही नावं त्यांनीच लिहिलीत." "काहीतरीच काय! राज्यपालांचं अक्षर बघ की, मोत्यासारखं. शिकलेल्या माणसाचा हात लपतो होय?" व्हर्लीन कपारीत सरकून उताणी झोपली आणि ओला स्पंज छतावरच्या 'जेरेमाया'वर फिरवू लागली. काळं पाणी कपाळावर ठिबकलं. "एवढ्या अडचणीत राज्यपालांनी लिहिलं तरी कसं असेल गं?" मुकादमानं वाकून विचारलं. "असंच."