पाठीखालचा हात

"कान पाण्यात जाऊ द्या, मारामा. घाबरू नका. मी आहे ना."

वाइसाकेचा आवाज पाण्यावरून थेट स्वयंपाकाच्या खोपीपर्यंत येत होता. सेनिमिली खवणीवर बसून नारळ खवत होती. समोर कमरेएवढ्या पाण्यात तिचा नवरा उभा होता आणि त्याच्या पसरलेल्या हातांवर हॉलोवेबाई आभाळाकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या. बाई ऑस्ट्रेलियातून सुट्टीला आलेल्या. नातवंडं झाली, आता तरी पोहायला शिकायचं, असं ठरवून बेटावर उतरलेल्या. आल्या दिवसापासून वाइसाके त्यांना मारामा म्हणत होता, बाईसाहेब म्हणावं तसं.

"श्वास घ्या. हां, असा. किती हलक्या झालात बघा."

"वहिनी," शेजारी कसाव्याचे कंद सोलणारी आकानिसी म्हणाली, "खोबरं कधीच संपलं. आता करवंटी खवतेस तू."

सेनिमिलीनं खाली पाहिलं. पांढऱ्या किसावर तपकिरी भुकटी पडली होती. ती बोटानं वेचून काढू लागली.

"अगं, आजीबाई आहे ती," नणंद हसली. "तिच्यावर कसली जळतेस? माझ्या भावाला पळवून न्यायचं तर आधी वाळूत धड चालता यायला हवं."

"मी तिच्यावर जळत नाही."

"मग त्या करवंटीनं तुझं काय घोडं मारलंय?"

बाईंशी सेनिमिलीचं काही वैर नव्हतं. तिच्या काळजाला डागण्या देत होता तो आवाज. असा आवाज वाइसाकेच्या गळ्यात आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं. घरात त्याचा आवाज म्हणजे "कोयता कुठंय" आणि "चहा झाला का". ती तापानं फणफणली होती तेव्हाही तो दारातूनच म्हणाला होता, "उठतेस ना आज?"

पाण्यात त्यानं हळूच हात काढून घेतले. बाईंना लगेच कळलंही नाही. त्या तशाच तरंगत राहिल्या, आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता की सेनिमिलीनं मान फिरवली.

दुपारी तो खोपीत आला आणि शहाळं तोंडाला लावून उभा राहिला.

"मला शिकवशील?" सेनिमिलीनं विचारलं.

"काय?"

"पोहायला."

शहाळं खाली आलं. "तुला पोहता येत नाही?"

"मी डोंगरातली आहे. आमच्याकडे ओढा. तोही उन्हाळ्यात आटायचा."

"पण तू खडकांवर शिंपल्या वेचायला जातेस."

"ओहोटीला. गुडघाभर पाण्यात."

आकानिसीनं सुरी बाजूला ठेवली. "थांब, थांब. मग होडीत डोळे मिटून बसतेस, ओठ हलवतेस, ते काय?"

"भीती वाटते म्हणून."

"अगं बाई. आणि आई गावभर सांगत फिरते, आमची सून देवाची फार. पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये नाव घेतलंय तुझं."

वाइसाकेला हसू आलं नाही. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? त्यांना आल्या आल्या विचारलंस."

त्यानं शहाळं खाली ठेवलं. "ऊन उतरल्यावर ये," म्हणून तो गेला.

ऊन उतरल्यावर ती कमरेला गुंडाळलेल्या सुलूसकट पाण्यात शिरली. पायाखालची वाळू सरकत होती. तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"आडवी हो," तो म्हणाला. "अगं, पाय सोड. ताठतेस काय? ओंडकासुद्धा तरंगतो."

ती पाय टेकून उभी राहिली. नाकातोंडात पाणी गेलं होतं.

"त्यांना ओंडका म्हणालास?"

"त्या पाहुण्या आहेत."

"मग मला पाहुणी समज."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. काठावर कुणी आहे का, हे त्यानं एकदा पाहून घेतलं. मग तळवा तिच्या पाठीखाली घातला.

"कान पाण्यात जाऊ द्या, मारामा."

थट्टा करतोय का, म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. कानात बोलावं तसं हळू बोलत होता.

"घाबरू नका. मी आहे."

तिनं मान मागे टाकली. पाय आपोआप वर आले. आभाळ तांबूस झालं होतं. हात पाठीखाली आहे की काढून घेतलाय, हे तिनं विचारलं नाही.

पंचा गुंडाळून हॉलोवेबाई फिरायला म्हणून काठावर आल्या. आकानिसी एव्हाना तिथं येऊन वाळूनं भांडी घासत बसली होती. बाई बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"तिला अगदी सावकाश शिकवतोय, नाही?" शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी लगेच हात काढून घेतला."

आकानिसीनं पातेलं पालथं घातलं.

"तुम्हाला निदान हात तरी लावला," ती म्हणाली. "मला त्यानं होडीच्या धक्क्यावरून पाण्यात ढकलून दिलं होतं."