कोरा रकाना

सकाळपासून चौथ्यांदा चूक दाखवणाऱ्या त्याच लाल ओळी लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या, तेव्हा निकितानं कपाळाला हात लावला. पंधरा दिवस ती एकाच कामात रुतली होती. वसतिगृहांच्या प्रवेशाचा जुना प्रोग्रॅम नव्या संगणकीय भाषेत लिहायचा होता. ही भाषा मोठी शिस्तीची. एखाद्या शक्यतेचं काय करायचं ते लिहायचं राहिलं, तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच हटून बसायची. आज ती 'वडील' या रकान्यावर अडली होती. हयात की मयत, एवढंच तिथं यायला हवं होतं. पण तीनशे बारा मुलांनी तो रकाना कोराच सोडला होता. कोऱ्याचं काय करायचं ते सांगितल्याशिवाय भाषा पुढं सरकू देईना.

पुण्याहून तिच्या वरिष्ठ सत्यशीला मॅडमचा फोन आला. "कुठं अडलंय निकिता? जुन्यात कोरं म्हणजे मयतच धरत होते. तसंच लिही आणि मोकळी हो."

तिनं लिहिलं. कोरं असेल तर मयत. लाल ओळी गेल्या, सगळं बिनबोभाट चाललं. काष्टीतल्या घरच्या पत्र्याच्या खोलीत दुपार नुसती भाजत होती. डोळे मिटत होते, पण काम पाठवून द्यायला तिचा हात काही पुढं होईना.

शेजारीच तिनं टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र पडलं होतं. तिचे वडील कानिफनाथ अकरा वर्षांपूर्वी बाजाराला म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. जमिनीला वारस लावायचे, तर कोर्टाकडून त्यांना मयत ठरवून घेणं भाग होतं. 'गेल्या सात वर्षांत त्यांची कसलीही खबर मला मिळालेली नाही,' असा मजकूर होता आणि खाली आईची सही हवी होती. महिना झाला, छबूबाई कागद हातात घ्यायची, वाचायची आणि परत ठेवून द्यायची. निकिताचा भाऊ बजरंग आदळआपट करायचा. निकिताही वैतागली होती. कालच ती आईवर ओरडली होती, "अजून किती वाट बघणार आहेस? गेले ते. कर सही, अन् सगळ्यांनाच सुटू दे."

तिनं मघाची ओळ पुसून टाकली. दोनाऐवजी तीन उत्तरं लिहिली: हयात, मयत, माहीत नाही. आता तिसऱ्या उत्तराची मुलं वेगळ्या यादीत जाणार, कुणाला तरी त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागणार. काम आठवड्यानं वाढलं. मॅडम चिडतील, चिडू देत.

ती उठून अंगणात गेली. छबूबाई बाजरी पाखडत होती.

"आई, राहू दे ती सही. बजरंगला मी समजावते. आपल्याला माहीत नाही, तर माहीत नाही. उगीच मयत कशाला लिहायचं?"

सूप थांबलं.

"माहीत न्हाई कसं?" छबूबाई खाली बघतच म्हणाली. "दर दिवाळीला, पाडव्याच्या दिशी फोन येतो त्यांचा. कोपरगावाकडं फॅक्टरीवर हायती. दुसरा संसार हाय, दोन पोरी हायत्या. खबर न्हाई म्हणून खोटी सही कशी करू मी?"

निकिता आईसमोर जमिनीवरच बसली.

"मग इतकी वर्षं तू वाट कुणाची बघत होतीस?"

"मी कुटं?" छबूबाई म्हणाली. "अनोळखी नंबर आला की तुमी दोघं धावत फोन उचलता. तुमची आस मोडवंना मला."