घमेलंभर पाणी

“तो पाणी फेकणार. फेकू द्या. सगळ्यांनी हसत राहायचं,” वेइ शौशानने घरातल्यांना हळू आवाजात दटावलं. “आई, तूसुद्धा.”

“मला दात नाहीत,” म्हातारी म्हणाली.

“मग नुसतं तोंड उघड.”

बाहेर अंगणात मुलीचे वडील, लानचौ शहराचे फान, कपड्यांवरची वाळू झटकत होते. शेजारी त्यांची मुलगी सूछिन उभी होती. तिचं आणि शौशानच्या मुलाचं, शुलिनचं, लग्नाचं आपसात ठरलेलं होतं. फाननी मात्र ‘घर बघून सांगू’ असा निरोप धाडला होता. याचा अर्थ नदीकाठी आणि वाळवंटात एकच होतो.

बसथांब्यापासून घरापर्यंत दोन्ही बापांनी आपापल्या मुलखाचा भूगोल आणि इतिहास उरकून घेतला होता. फान म्हणाले, पिवळी नदी आमच्या शहराच्या मधून जाते, तिच्यावर लोखंडी पूल आहे, काठाला घराहून उंच रहाट आहेत. शौशान म्हणाला, आमच्या मिनछिन तालुक्याला दोन वाळवंटं आहेत, एक इकडून, एक तिकडून. पुष्कळ तालुक्यांना एकही नसतं. शिवाय पूर्वी इथं तळं होतं. आईने त्यातले मासे खाल्लेत. यावर फाननी आपली नदी आवरती घेतली. आटलेल्या तळ्याशी वाद घालता येत नाही.

आता पाहुण्याने तोंड धुवायचं होतं. इथे एक घमेलं पाणी अख्ख्या घराला पुरवतात. आधी पाहुणा, मग म्हातारं माणूस, मग पुरुष, मग बायका, शेवटी मेंढी. शहरी पाहुणा तोंड धुतो आणि उरलेलं पाणी झोकात अंगणात भिरकावतो. घाण पाणी टाकून आपण पुढच्यावर उपकार केला, असं त्याला वाटतं. मागे पाटबंधाऱ्याच्या एका साहेबाने असंच भिरकावलं. तेव्हा म्हातारी जे बोलली, त्यामुळे पाट अजून शेजारच्या गावापर्यंतच आलेला आहे.

शौशानच्या बायकोने काठोकाठ भरलेलं घमेलं आणून ठेवलं. सगळ्यांनी तोंडं हसरी केली. शुलिनचं तेवढं जमेना.

फाननी बाह्या सारल्या. दोन बोटं बुडवली. आधी डोळे पुसले, मग कानामागे. मग जेमतेम ओंजळ भरून घेतली आणि हनुवटीवरचा शेवटचा थेंब पडेपर्यंत चेहरा घमेल्यावरच धरून ठेवला. जमीन कोरडी राहिली. घमेलं दोन्ही हातांनी उचलून त्यांनी म्हातारीपुढे ठेवलं.

हसरी तोंडं तशीच राहिली. मिटायची केव्हा, हे ठरलं नव्हतं.

“कुठल्या गावचा रे तू?” म्हातारीने विचारलं.

फाननी बाहीला तोंड पुसलं. “राहिलं नाही ते, काकी. आधी विहीर खारट झाली. मग वाळू दारात आली. मी पोरसवदा होतो.”

“बाबा, तुम्ही तर लानचौमध्येच जन्मलात ना?” सूछिन म्हणाली.

“तसं सांगत आलो.”

शौशानला राहवलं नाही. “म्हणजे आमच्यातलेच निघालात की! अरे, मेंढा कापा! घरच्या माणसाला कसलं आलंय नाही म्हणणं!”

“घरचा आहे, म्हणूनच नाही म्हणायला आलोय,” फान म्हणाले. “बाहेरचा असतो तर भरल्या घमेल्याला फसलो असतो.”

ऊन चढत होतं, आणि उन्हात घमेलं ठेवून विचार करत बसण्याची पद्धत इथे नाही. म्हातारीने तोंड धुतलं. मग शौशानने, शुलिनने, शुलिनच्या आईने. पाण्याला चहाचा रंग आला. मेंढी पुढे सरकली.

सूछिनने तिला गुडघ्याने मागे रेटलं आणि घमेल्यापुढे उकिडवी बसली.

तिने दोन बोटं बुडवली. आधी डोळे पुसले, मग कानामागे. शेवटचा थेंब पडेपर्यंत चेहरा घमेल्यावर धरून ठेवला. तिला हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. लानचौच्या घरी, भरपूर पाण्याचा नळ असताना, तिचे वडील रोज सकाळी असंच तोंड धुवायचे; आणि तिची समजूत होती की तोंड असंच धुतात.