जादाचा नारळ

विश्रामबागेतल्या सुमंतरावांना पन्नाशीनंतर शिडाच्या होडीचा नाद लागला. कोयनेच्या पाण्यातली चार दिवसांची शर्यत ही त्यांची पहिलीच, म्हणून पेटीत दोऱ्या, कप्प्या, शिडाची चिकटपट्टी, फायबरच्या ठिगळाचं सामान, सगळं त्यांनी एकाला दोन भरलं. पूजेचे नारळही दोन. एक नासका निघाला तर काय घ्या!

"अहो, शर्यतीला निघालाय का हार्डवेअरचं दुकान टाकायला?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"पाण्यात कधी काय मोडेल, सांगता येतंय होय?"

काठावर नुसता चिखल होता. नारळ फोडायला दगड सापडेना, आणि शर्यतीची शिट्टी तर व्हायला आलेली. नारळ फोडल्याशिवाय होडी पाण्यात घालणं सुमंतरावांच्या मनाला पटेना. त्यांनी गणपतीचं नाव घेतलं आणि नारळ होडीच्याच नाकावर हाणला.

नारळ फुटला. नाकही फुटलं.

ठिगळ वाळेपर्यंत पहिल्या दिवसाची शर्यत आटोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंतराव पेटीत हात घालणार, तोच होडीतला त्यांचा जोडीदार, पुतण्या यशराज, आडवा आला.

"काका, दुसरा नारळ आधी माझ्याकडं द्या."