गोड फोड

तंबाखूचे शेंडे खुडण्याचे दिवस होते. चिकाने बहिणीच्या हातांना असा कडूपणा चढला होता की साबणानेही हटेना. जो स्वतः राबेल त्यालाच पुढच्या हंगामाला शेत कसायला देणार, असं म्हणणारी शेतमालकीण घरी आली, तेव्हा बहीण पेरू कापायला बसली. भावाने तिच्या हातातली सुरी ओढली. "राहू दे! तुझ्या हातचं कुत्रंसुद्धा खायचं नाही. कडू विष नुसतं!"

त्याने स्वतःच फोडी करून म्हातारीपुढे धरल्या. "घ्या मावशी. रोज शेंडे खुडून खुडून कंबरेचा पार काटा ढिला झालाय माझा. ही बया आपली बसून खाते."

तोंड उघडलं तर या घराचं दार आपल्याला बंद होईल, हे बहीण जाणून होती.

म्हातारीने एक फोड तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

"साखर आहे रे बाबा, नुसती साखर! मी तीस वर्षं शेंडे खुडलेत. या दिवसांत माझ्या हातचा घास माझं लेकरूसुद्धा थुंकून टाकायचं. सरक बाजूला, हिला बसू दे. करार हिच्या नावाने करायचाय."