समुद्राकडची खोली

"आधी समुद्र, मग जंगल," धाकटी पडद्याआड कुजबुजली.

"आधी जंगल," नवरा म्हणाला. "समुद्राकडच्या खोलीची एकदा सवय लागली की झाडावरच्या झोपडीत तुझा जीव रमायचा नाही."

"तिथे माकडं साबण पळवतात."

"पळवू देत. एक दिवस साबण नाही लावला तर काय झिजणार आहेस?"

पडद्यापलीकडे सासूबाई खोकल्या. उठायची वेळ झालीच होती.

एका खोलीचं घर. मधोमध दोरीवर टाकलेला पडदा. अलीकडे ही दोघं. पलीकडे सासूबाई, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची मुलं. लग्न झाल्यापासून नवराबायकोचं सगळं बोलणं कुजबुजीतच झालं होतं. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणे आणि पडद्याआड 'तू'. तो 'तू' इतका हळू, की कधीकधी त्यालाही ऐकू जात नसे. एकदा ती हसली होती मोकळेपणी, तर पलीकडून धाकट्या पुतण्याने विचारलं होतं, "काकू, काय झालं? मलापण सांग!"

"काय गं, पहाटेपासून काय शिजतंय तिकडे?" जावेने भांडी विसळता विसळता विचारलं.

"हनिमूनला जायचं म्हणतोय."

"अगंबाई! कुठे?"

"समुद्र. आणि जंगल."

जाऊ इतकी हसली की हातातलं पातेलं निसटलं. "जगात दुसरी जागा सापडली नाही होय गं तुम्हांला? तेही ह्या दिवसांत, वादळं घोंगावत असताना?"

"ह्याच दिवसांत जमतं," धाकटी म्हणाली.

"हसू नकोस तिला," सासूबाई म्हणाल्या. "मला ह्यांनी जन्मात एकदाच बाहेर नेलं, तेही दाढ काढायला. जाऊ दे पोरीला."

नवरा जनरेटरचा मिस्त्री. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. ती लाँड्रीत कामाला. दिवसभर ओल्या चादरींचे ढीग, वाफ आणि साबणाचा वास. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन इस्त्रीवाल्या मावशीच्या. दोघी जवळ येत, घडी पडे, पुन्हा लांब जात.

घडी घालता घालता धाकटीला ती खोली दिसे. तिला ती पाठ होती. वेताचा झोपाळा. पलंगावर पांढरी मच्छरदाणी. भिंतभर काच आणि काचेपलीकडे नुसतं पाणी. त्या खोलीत मिस्त्री कसा दिसेल, हे मात्र काही केल्या डोळ्यांसमोर येत नसे. दर वेळी त्याच्या हातात पाना असायचाच.

"चांगल्या दिवसांत जा की गं," मावशी म्हणाली. "वादळात कसला आलाय हनिमून?"

"चांगल्या दिवसांत तिथे आपल्याला कोण उभं करतं, मावशी?"

"तेही खरंच. मॅनेजरबाईंच्या कानावर घातलंस?"

"घातलं. म्हणाल्या, बघू, सगळं वादळावर आहे."

"ती बाई 'बघू' म्हणाली? मग अर्धं काम झालं म्हण. मला आजवर 'नाही'च ऐकवलंय."

पहिलं वादळ वाटेतच विरलं. सासूबाईंनी रेडिओपुढे हात जोडले. दुसरं आलं आलं म्हणता भलतीकडेच वळलं.

"मग? आता निघणार कधी?" जावेने विचारलं.

"बघू," धाकटी म्हणाली.

हंगाम सरत आला होता. तो सरला की पुन्हा वर्षभर थांबणं आलं. मिस्त्रीने जेवताना ताटाखालून तिची करंगळी हळूच धरली आणि जावेने आमटी वाढायला वाकताच सोडून दिली.

मग एका सकाळी रेडिओने तिसऱ्या वादळाची बातमी दिली. मोठं होतं, आणि सरळ किनाऱ्याकडे निघालं होतं.

"झालं तुमचं समुद्र आणि जंगल!" जाऊ म्हणाली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. जावेने जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गं. नशिबात असेल तर होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीच्या धक्क्यावर ही गर्दी. बॅगा, उलट्या झालेल्या छत्र्या, रडकी तोंडं. सासूबाई, दीर, जाऊ आणि मुलं सकाळीच टेकडीवरच्या पक्क्या शाळेत पोचली होती. धाकटी छोटीशी बॅग छातीशी धरून मिस्त्रीशेजारी उभी होती. शेवटची बोट भोंगा देत होती.

चढता चढता एक नवी नवरी थबकली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "सगळा हनिमून पाण्यात गेला हो," ती धाकटीला म्हणाली आणि खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "पसारा तसाच टाकून आलोय. तुम्ही नाही चढत?"

तेवढ्यात बोटीतून मॅनेजरबाई ओरडल्या, "मिस्त्री, जनरेटर सांभाळ! आणि तू खोल्या बघ गं! जनरेटरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अजिबात थांबू नका, हॉटेल अख्खं रिकामं आहे. हवी ती खोली घ्या, वादळ सरलं की झाडावरची झोपडीही!"

बोट लाटांआड गेली. दोघं पावसात पळत सुटले, समुद्राकडच्या खोलीपर्यंत. आणि ज्या दारावर रोज टकटक करून, "चादरी बदलायच्यात," म्हणत ती बाहेर उभी राहायची, ते दार धाकटीने पहिल्यांदाच आतून लावून घेतलं.