हिरवा दिवा

लाल दिवा मिचमिचत होता आणि बळवंतराव मनातून खूश होते.

दिवा कॉफीच्या यंत्राचा. यंत्र भलतंच हुशार होतं. एका वेळी एकाच माणसाची कॉफी करायचं आणि केली की लगेच गुडगावला सुधन्वाच्या फोनवर कळवायचं. आई गेल्यावर त्यानेच ते फरीदाबादला वडिलांच्या घरी आणून बसवलं होतं. त्याआधी तो रोज सकाळी फोन करून ‘उठलात का’ विचारायचा. आता यंत्रच सांगत असल्याने विचारायची गरज उरली नव्हती. आज मात्र यंत्राने काहीच कळवलं नाही, आणि कित्येक दिवसांनी सकाळी फोन वाजला.

“बाबा, ठीक आहात ना? अ‍ॅपवर कॉफी दिसली नाही तुमची!”

मुलगा चक्क घाबरला होता. बळवंतरावांना बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

“मी ठणठणीत आहे रे. यंत्र आजारी आहे.”

“अच्छा. मग टेन्शन नाही. मी ऑफिसच्या कॅबमध्येच आहे, चलो, फोनवर ट्राय करू. नाहीच जमलं, तर रविवारी येऊन बघतो.”

रविवारी! गणपतीत आला होता तो, आता संक्रांतही उलटली होती. रस्ता मोकळा असला तर तासाभराचं अंतर, पण दिल्लीच्या आसपास रस्ता मोकळा असतो कधी? बळवंतरावांनी फोन कानाला धरूनच रविवारचा स्वयंपाक ठरवून टाकला. मटारची उसळ करायची आणि त्याला आवडतो म्हणून शिरा.

यंत्राला काय झालंय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. विजयालक्ष्मीच्या हातची कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वरून जायफळ. बायको गेल्यापासून यंत्राची कॉफी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, म्हणून काल त्यांनी पाण्याच्या टाकीत जायफळ किसून घातलं. ते यंत्राच्या घशाखाली उतरलं नाही. पण हे सुधन्वाला सांगितलं, तर रविवार गेलाच म्हणायचा.

“प्लग काढा. जरा थांबा. परत लावा,” सुधन्वा म्हणाला.

“लावला. लालच आहे.”

“वायफाय बंद-चालू करा.”

“केलं. लाल.”

“कॉफीची कॅप्सूल नीट बसलीय? खटका वाजला?”

“चांगला वाजला.” बळवंतराव अगदी रंगात आले होते. एवढा वेळ मुलगा त्यांच्याशी कधी बोलला होता, त्यांना आठवेना.

“मग टाकी काढा, धुवा, ताजं पाणी भरा. आणि टाकीच्या खाली जाळी असते बघा, तीपण साफ करा.”

इथे बळवंतराव थबकले. नुसतं ‘धुतली’ म्हणून भागलं असतं. फोनवरून कोण बघायला येतंय? पण केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म वरून आलेले आदेश पाळण्यात गेला होता. हात आपोआप टाकीकडे गेले. जाळीवर जायफळाचा चोथा बसला होता, तो जुन्या टूथब्रशने घासला. थोडा निघाला, थोडा आत गेला. टाकी जागेवर बसवली, तसं यंत्र एकदा गुरगुरलं आणि दिवा हिरवा झाला.

“काय झालं, बाबा?”

“लालच आहे,” ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्याने दोनदा म्हणाले. “लालच आहे रे. तू आपला रविवारी येऊनच बघ.”

“पण इथे तर ग्रीन दाखवतंय. ‘तयार’ म्हणतंय.”

यंत्र चहाडखोर आहे, हे ते विसरूनच गेले होते. त्यांचे कान तापले. आता त्याने ‘खोटं का बोललात’ म्हणून विचारलं, की सांगून टाकायचं. यंत्र बरं आहे रे, तू नुसता ये. ते त्याच्या प्रश्नाची वाट बघत उभे राहिले.

“बाबा,” सुधन्वाचा आवाज एकदम खाली आला, “तुम्हाला लाल-हिरवं ओळखू येत नाही का?”

बळवंतरावांनी हिरव्यागार दिव्याकडे पाहिलं.

“यार, हे आधी सांगायचं ना! मोतीबिंदूच असेल. आजच डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतो.”

“तू येशील बरोबर?” ते पटकन म्हणून गेले. इतकं सरळ त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

“अहो, गरजच नाही. कॅब दारात येईल आणि परत दारात सोडेल. मी पूर्ण वेळ मॅपवर बघत असेन ना तुम्हाला! आणि आता तुम्ही कशाला हात लावू नका. निवांत बसा. कॉफी मीच लावतो इथून.”

कप अजून फळीवर होता. बळवंतराव तो घ्यायला वळले, तोवर यंत्र घरघरलं आणि कॉफीची धार कप ठेवायच्या जाळीवर पडायला लागली. तिच्याखालचा ट्रे भरला. ओट्यावरून ओघळ आला आणि फरशीवर टपटपू लागला. स्वयंपाकघरभर जायफळाचा वास सुटला.

“झाली! इथे आलं बघा, ‘कॉफी दिली’. मिळाली ना, बाबा?”

बळवंतरावांनी कोरडा कप दोन्ही हातांत धरला.

“मिळाली रे,” ते म्हणाले. “अगदी आईच्या हातची वाटतेय.”